एका सामन्याचा खेळाडू (लेखांक सातवा)

मागील लेखांकात गुस्ताव्ह शेबेश यांच्या हंगेरियन संघाने १९५३ साली वेम्ब्लीवर इंग्लंडचा ६–३ असा पाडाव कसा केला, हे आपण पाहिले. त्यानंतर वीस वर्षांनी त्याच मैदानावर इंग्रजांच्या तोंडचे पाणी पळविणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थाची हकीकत आज सांगावयाची आहे; आणि ती सांगताना हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे की, खेळाडू या नात्याने या गृहस्थाच्या खाती राष्ट्रीय संघातर्फे खेळलेला उणापुरा एकच सामना जमा होता, आणि तोही धड पुरता नव्हे.

काझिमिएझ गुर्स्की यांचा जन्म २ मार्च १९२१ रोजी ल्वुव्ह येथे झाला. महायुद्धात हे शहर प्रथम सोव्हिएत, मग जर्मन आणि पुन्हा सोव्हिएत अंमलाखाली गेले, आणि अखेर सरहद्दच पश्चिमेकडे सरकल्यामुळे पोलंडच्या नकाशातून कायमचे निसटले. (पोलंडच्या याच पूर्वेकडील मुलखातून सैबेरियाकडे हद्दपार झालेल्या कित्येक कुटुंबांनी पुढे कोल्हापुरानजीक वळिवड्याच्या छावणीत आश्रय घेतला होता, हे आमच्या काही वाचकांस ठाऊक असेल.) गुर्स्कींनी वॉर्सा गाठले व लष्कराच्या लेगिया संघात ते आघाडीला खेळू लागले. धावण्याच्या हलक्या ढंगामुळे त्यांना ‘हरिणी’ असे लाडके नाव पडले होते.

२६ जून १९४८ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कविरुद्ध त्यांना संधी मिळाली. पोलंड ०–८ असा हरला. त्याहून मोठा पराभव त्या देशाच्या वाट्यास आजतागायत आलेला नाही. गुर्स्कींना पूर्वार्धातच मैदानाबाहेर बोलावण्यात आले, आणि पुन्हा बोलावणे असे कधी आलेच नाही.

१९७०च्या अखेरीस प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. मदतीस त्यांनी दोन तरुण घेतले, यात्सेक ग्मोख आणि आंद्झेय स्त्रेयलाउ. पैकी ग्मोख हे शिक्षणाने अभियंता. प्रतिपक्षाच्या खेळाची टिपणे व कोष्टके तयार करणे हे त्यांचे दफ्तर. स्वतःकडे गुर्स्कींनी माणसे पारखण्याचे काम ठेवले, आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व येथेच आहे.

यान तोमाशेव्स्की या गोलरक्षकाचेच उदाहरण घ्या. १९७१च्या ऑक्टोबरात वॉर्सा येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध तो प्रथम उतरला, तीन गोल खाल्ले, आणि पराभवाचे खापर त्याच्या माथी फुटले. असा मनुष्य सहसा दुसऱ्यांदा संघात येत नाही. परंतु पहिल्याच सामन्यात नामुष्की पत्करावी लागणे म्हणजे काय, हे गुर्स्कींस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी त्याला परत आणले. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी वेम्ब्लीवर विश्वचषकाच्या पात्रतेसाठी इंग्लंडला विजय अनिवार्य होता, पोलंडला बरोबरी पुरेशी होती; त्यातच पोलंडचा सर्वांत नामांकित आघाडीवीर लुबान्स्की आदल्या जूनमध्ये खोझूव्ह येथे इंग्लंडला २–० असे हरविताना गुडघा दुखावून अंथरुणास खिळलेला. इंग्रज प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी दूरचित्रवाणीवर तोमाशेव्स्कीची ‘विदूषक’ अशी संभावना केली. विदूषकाने गोलापुढे वेड्यावाकड्या उड्या मारल्या खऱ्या. पण हाताने, पायाने, जमेल त्या अवयवाने चेंडू अडविला. ५७व्या मिनिटास लातोने इंग्लंडच्या हंटरपासून चेंडू हिरावून दोमार्स्कीकडे दिला, त्याने गोल केला. इंग्लंडच्या क्लार्कने त्यानंतर सहा मिनिटांतच पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि त्यापुढे कितीही आटापिटा केला तरी इंग्लंडला दुसरा गोल साधला नाही. १–१, १९६६चा विश्वविजेता १९७४च्या स्पर्धेबाहेर.

तत्पूर्वी १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकचे सुवर्णपदक, अंतिम सामन्यात देयनाच्या दोन गोलांनी हंगेरीवर २–१ अशी मात करून, या संघाने मिळविलेच होते. १९७४च्या विश्वचषकात अर्जेंटिना, हैती, इटली, स्वीडन व युगोस्लाव्हिया असे पाच संघ ओळीने हरले. मग फ्रँकफुर्टला यजमान पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्यापूर्वी धो धो पाऊस कोसळला, अग्निशामक दलाने पाणी उपसले तरी मैदानाचे तळे ते तळेच राहिले, आणि चपळाईवर भिस्त असलेले पोलिश खेळाडू त्यात रुतले. तोमाशेव्स्कीने हेनेसची पेनल्टी अडविली, तथापि म्यूलरच्या एका गोलाने यजमान अंतिम सामन्यात गेले. ब्राझीलला १–० असे हरवून पोलंड तिसरा आला. सात गोल करणारा लातो स्पर्धेत अव्वल ठरला.

१९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना पूर्व जर्मनीकडे गेला. ज्या देशाला काही वर्षांपूर्वी रौप्यपदक स्वप्नवत वाटले असते, तेथे तेच आता अपयश गणले गेले, आणि गुर्स्कींनी राजीनामा दिला. ग्रीसमध्ये पानाथिनायकोसला त्यांनी १९७७ साली लीग व चषक दोन्ही मिळवून दिले. १९९१ ते १९९५ या काळात ते पोलिश फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. २३ मे २००६ रोजी त्यांचे निधन झाले. वॉर्साच्या राष्ट्रीय मैदानास आता त्यांचे नाव आहे.

१९७६ साली गुर्स्कींच्या राजीनाम्यानंतर पोलंडच्या संघाचा कारभार ग्मोख यांच्याकडे सोपविण्यात आला. अभियंत्याच्या कोष्टकांनी १९७८ साली अर्जेंटिनात काय साधले आणि काय बिघडविले, ते पुढील लेखांकी.