चकमकीच्या टेकड्यांतली खडीवाट

कॅन्सस म्हणजे सपाट शेतं, असा आपला समज. अमेरिकेच्या या राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये मात्र रस्ता सतत चढतो-उतरतो. इथल्या चुनखडीत चकमकीचा धारदार दगड आहे. त्यापायी नांगर फारसा चालला नाही. उंच गवताची कुरणं वाचली आणि गुरांच्या मळ्यांमधले रस्ते खडीचेच राहिले.

हाच दगड या रस्त्यांवरून जाणाऱ्या सायकलचे टायर चिरतो. म्हणून टायर रुंद, ट्यूबविना, आत भोक बुजवणारा द्रव. हवा कमी ठेवली तर पकड वाढते. फारच कमी केली तर रिम ठेचते. इथल्या एम्पोरिया शहरातून २००६ पासून या खडीवाटांवर २०० मैलांची सायकल शर्यत निघते. पाऊस झाला, की चिकट चिखलाने चाकं जाम होतात. मग सायकल खांद्यावर!