भट्टीतून निघालेले प्रवाळ

जकार्त्यातल्या अमेरिकी दूतावासाच्या भिंतीवर २०१८ पासून प्रवाळांचा एक मोठा भोवरा पसरलेला आहे. रुंदी सुमारे साडेआठ मीटर, तुकडे दोन हजारांहून अधिक. मधोमध रंगांची नुसती दाटी. कडेकडे जावे तसा रंग विरत जातो आणि शेवटी पांढरीफटक जाळी तेवढी उरते. सगळे मातीचे. घडवणारी कोर्टनी मॅटिसन. ती समुद्रजीवशास्त्र आणि मातीकाम दोन्ही शिकली आहे. ‘अवर चेंजिंग सीज’ ही तिची भित्तिशिल्पांची मालिका २०११ पासून चालू आहे.

तिची हत्यारे साधी आहेत: जेवायच्या चिनी काड्या आणि रंगाचे कुंचले. हाताने पोकळ आकार उभारायचा आणि ओल्या मातीत हजारो भोके पाडत जायचे. किती चिकाटीचे काम! पण प्रवाळही असाच वाढतो, एकेक इवलासा जीव आपले घर शेजाऱ्याच्या घराला जोडत.

मला सर्वांत भिडते ते झिलईतले एक द्रव्य. मातीच्या भांड्यावर काचेसारखा थर चढवायला अनेकदा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडीच, वापरतात. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. आपण जाळलेल्या कोळशा-तेलातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि प्रवाळाला हा चुना जमवणे कठीण होत जाते. एकाच द्रव्यामुळे या झिलईचे आणि त्या सांगाड्याचे नाते मला सख्ख्यासारखे वाटते.

रंगाचे गणितही विलक्षण आहे. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांची, माती पक्की व्हायला भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास आच लागते. समुद्राचे पाणी मात्र नेहमीच्या उन्हाळ्यातल्या तापमानापेक्षा जेमतेम एक अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळाच्या अंगातली शेवाळे त्याला सोडून जातात. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न त्यांच्याकडूनच येते, म्हणून तो पांढरा पडतो. मालवणच्या समुद्रातही पांढरे पडलेले प्रवाळ संशोधकांना आढळले आहेत.

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर शेवाळे परततात, रंगही परततो. या शिल्पाची छायाचित्रे पाहताना माझी नजर म्हणूनच त्या पांढऱ्या कडेवर खिळून राहते. रंगीत गाभ्यापासून ती फार लांब नाही.