चाकांवरील घरातील पाणी

अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेण्याच्या ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ नामक फिरत्या घरात स्वच्छ पाण्याची टाकी निराळी व सांडपाण्याची निराळी असते. टाकीच्या भिंतीत बहुधा वेगवेगळ्या उंचीवर धातूच्या खुंट्या बसविलेल्या असतात. पाणी खुंटीपर्यंत चढले की त्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि घरातील फलकावर दिवा लागतो. परंतु दोन खुंट्यांमधील पातळी दिव्यास कळत नाही. शिवाय सांडपाण्याच्या टाकीत खुंट्यांवर मळ साचला, तर रिकामी टाकीही भरलेली भासते.

१५० लिटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅम भार! म्हणून वाटेत पाणी मिळणार असल्यास बेताने, ओसाड वाळवंटात जावयाचे असल्यास काठोकाठ भरावे. आणि रोजच्या खर्चाचा हिशेब ठेवावा. दिवा फसवील, हिशेब सहसा फसवीत नाही.