हाकेला ओ

गिरगावातल्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथे इंटरकॉमची जरुरी कुणालाच भासली नाही. चौकातून हाक मारावी आणि तिसऱ्या मजल्यावरून ओ मिळवावी, ही व्यवस्था बिनतारी, बिनखर्ची आणि अहोरात्र चालू असे. नियम एकच, पण कडक : हाक ऐकू आली की ओ दिलीच पाहिजे. ओ न देणारे पोर बहिरे तरी ठरे, नाहीतर उद्धट. आणि दुसऱ्या दुखण्यावर आयांजवळ रामबाण औषध असे.

माणसाने दूरवर हाक मारण्याची साधने कशी कशी शोधून काढली, याच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. माझे लक्ष मात्र नेहमी त्या बिचाऱ्या 'ओ'कडे जाते. कारण जिथे खरोखर जिवाशी गाठ असते, तिथल्या शहाण्या माणसांनी आधी तिची सोय केलेली दिसते.

जुन्या आगबोटीच घ्या. कप्तान वर आणि इंजिन पार तळाशी. दोघांमध्ये एक पितळी नळी. तिच्या तोंडाला शिटी बसवलेले बूच. वरच्याने बूच काढून जोरात फुंकर मारली की खाली शिटी वाजे, आणि खालचा माणूस आपले बूच काढून कान लावी. पण बोटीचा वेग बदलायचा हुकूम एवढ्या भरवशावर सोडत नसत. त्यासाठी घड्याळासारखी एक तबकडी असे. कप्तानाने मूठ फिरवून 'पूर्ण वेगाने पुढे'वर आणली की खाली घंटा वाजून काटा त्याच शब्दावर जाई. एवढ्याने काम संपत नसे. खालच्या इंजिनियरने आपली मूठ तिथेच आणायची. मग वरच्या तबकडीवरचा दुसरा काटा सरकून पहिल्याला मिळे. दोन काटे जुळले म्हणजे हुकूम पोचला. ही योजना ज्याने काढली, त्याचे बालपण चाळीत गेले असावे अशी मला दाट शंका आहे!

हीच तऱ्हा आपल्या मुंबईच्या लोकलची. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब. मोटरमन एका टोकाला, गार्ड दुसऱ्या. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण फलाटावरची जीभ अजून वळत नाही.) गाडी सोडायची तर गार्ड दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटा परत करतो आणि मग चाके हलतात. बसचा कंडक्टर दोरी ओढून 'टिंग टिंग' करी, तेव्हा ड्रायव्हरची ओ म्हणजे पुढे बसलेला हिसकाच असे. तीही उभ्या उतारूंना चांगलीच पोचे.

मी नोकरीला लागलो तो फोर्टातल्या एका कचेरीत. साहेबांच्या टेबलावर खटक्यांची एक पेटी होती आणि आम्हां प्रत्येकाच्या टेबलावर तिचे एकेक पिल्लू. पेटीतला कर्णा एकच. तोच बोलका, तोच ऐकता. साहेब खटका दाबीत तेव्हा आवाज तिकडून इकडे येई; ते खटका सोडीत तेव्हा इकडून तिकडे जाई. साहेबांना बोलण्याची आवड दांडगी, त्यामुळे खटका सोडणे त्यांच्या क्वचितच ध्यानात राही. आमची कित्येक वर्षांची 'होय साहेब' अशी तारेतल्या तारेत जिरून गेली.

कचेरीत हे हसण्यावारी जाते. परंतु एका वेळी एकानेच बोलायचे, हा त्या पेटीचा धर्म वैमानिकांच्या रेडिओलाही लागू आहे, आणि तिथे त्याने एकदा भयंकर किंमत वसूल केली. तारीख २७ मार्च १९७७. ठिकाण स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. विमानतळावर दाट धुके. धावपट्टीच्या टोकाशी केएलएम कंपनीचे डच जंबो जेट उड्डाणाच्या तयारीत उभे, आणि त्याच पट्टीवर पॅन ॲमचे अमेरिकन जंबो बाजूला वळण्याची वाट शोधत सरकत होते. डच कप्तानाने परवानगी मिळण्याआधीच विमान सोडले. त्याच्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितले, त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागेवर आहोत' असाही होई आणि 'उड्डाण करीत आहोत' असाही. मनोऱ्यातून उत्तर आले, 'ओके'. क्षणभर थांबून मनोऱ्याने पुढे, अजून थांबा, मी बोलावीन, अशा अर्थाचे सांगितले. पण नेमके त्याच वेळी अमेरिकन विमानही आपण अजून पट्टीवरच असल्याचे सांगू लागले. दोन आवाज एका लहरीवर आदळले आणि डच विमानात त्या जागी ऐकू आली ती एक कर्कश शीळ. स्पष्ट पोचला तो तेवढा 'ओके'!

५८३ माणसे गेली. विमानांच्या इतिहासात याहून मोठा अपघात आजवर झालेला नाही.

मला अधिक चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. विमान धावू लागल्यावर पाठीमागे बसलेल्या इंजिनियरने, ते दुसरे विमान बाजूला झालेले नाही का, असे विचारले होते. कप्तानाने ठासून 'झाले' म्हणून सांगितले. त्या दोघांमध्ये ना धुके होते, ना शीळ!

यानंतर वैमानिकांच्या बोलीचे व्याकरण फार कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा काढून घेताना तेवढा उच्चारायचा. नुसत्या 'ओके'वर भागवायचे नाही, तर हुकुमाचा गाभा परत म्हणून दाखवायचा.

चांगल्या रुग्णालयांतही मला हीच दृष्टी दिसली. रोगी उशाशी असलेले बटण दाबतो, दारावर दिवा लागतो. पण तो दिवा परिचारिकेला आपल्या टेबलावरून मालवता येत नाही. खाटेपर्यंत चालत येऊनच तो मालवायचा. म्हणजे ओ पायांनी द्यायची! याउलट आपल्या हातातल्या फोनवर २०१४ पासून दोन निळ्या खुणा उमटू लागल्या आहेत. त्यांना ओ समजणाऱ्या आईबापांची मला दया येते. दाराच्या फटीतून कुणी पाहिले आणि कडी तशीच ठेवली, इतकाच त्यांचा अर्थ.

आता आमच्या इमारतीविषयी. दोन पावसाळ्यांपूर्वी वीज गेली आणि सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी धोक्याची घंटा दाबली. ती व्यवस्थित वाजली. पहारेकऱ्याला वाटले, वरचे कुणीतरी पाहतील. वरच्यांना वाटले, पहारेकरी गेला असेल. चाळीस मिनिटांनी इस्त्रीवाल्याचा मुलगा जिन्याने चढत होता, त्याने दार ठोठावल्याचा आवाज ऐकून "ओ, कोण आहे आत?" म्हणून विचारले, तेव्हा उलगडा झाला. मी त्या दिवशी पुण्याला होतो. परतल्यावर भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "अंधाराचं काही नाही हो. कुणी नुसतं 'ओ' म्हटलं असतं ना, तर तासभर बसले असते मी जप करत."

पुढे लिफ्टमध्ये दोन्हीकडून बोलता येईल असा, बॅटरीवरही चालणारा इंटरकॉम बसला. त्यासाठी सभा दीड तास चालली. पैकी सव्वा तास तो कोणत्या रंगाचा असावा यावर. काकूंनी मात्र एकच अट घातली : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या स्वतः बटण दाबून पाहणार. गेल्या खेपेस गेटवर नवा मुलगा होता. तो म्हणाला, "हॅलो."

"हॅलो नको," काकू म्हणाल्या, "कोणती लिफ्ट, ते सांग."

तीनदा म्हणून घेतल्यावर त्याला पाठ झाले : "डावी लिफ्ट, सातवा मजला, ऐकू आलं, निघालो." आणि काकूंनी त्याला खरोखरच वर यायला लावले, जिन्याने.