संकेतस्थळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

ग्राहकाचे संकेतस्थळ तयार करून दिले, बिलाचे पैसे हाती पडले, की आपले काम संपले असे स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या वेब डिझायनरला वाटते. प्रत्यक्षात त्याच दिवशी दुसरे, अधिक लांबणारे आणि कुणाच्या डोळ्यांत न भरणारे काम सुरू होते. ग्राहक सहज म्हणतो, ‘ते होस्टिंगबिस्टिंग तुम्हीच बघा.’ डिझायनर मान डोलावतो. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रविवारी सकाळी ‘अहो, आपली साइट दिसत नाही’ असा दूरध्वनी येतो, तेव्हा त्या मान डोलावण्याचा अर्थ उभयतांना कळतो.

मुळात डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन म्हणजे पत्ता; होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाच्या फायली ज्या सर्व्हरवर ठेवल्या जातात ती भाड्याची जागा. जागा बदलता येते, पत्ता मात्र गेला की गेला. म्हणूनच डोमेनची नोंद कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. घाईत किंवा सोयीसाठी अनेक डिझायनर ग्राहकाचे डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने आणि ई-मेलने नोंदवतात. त्यात बहुधा लबाडी नसते. पण नोंदणी करणारी कंपनी पैसे कुणी दिले हे पाहत नाही, नोंदीत नाव कुणाचे आहे ते पाहते. उद्या डिझायनरने व्यवसाय सोडला, तो परदेशी गेला किंवा बिलावरून वाद झाला, तर दुकानाची पाटी दुसऱ्याच्या ताब्यात राहते.

मुदत संपण्याचा प्रकारही समजून घ्यायला हवा. ‘डॉट कॉम’ डोमेनची मुदत टळली, तरी ते लगेच नाहीसे होत नाही. नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार काही दिवसांची, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर डोमेन रद्द केले गेले तर ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ असतो. त्यात ते सोडवून घेता येते, पण नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट दंड मोजून. पुढच्या ५ दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग ते जगात कुणालाही घेता येते. या सर्व काळात सूचना जातात त्या नोंदीतल्या ई-मेलवर. तो पत्ता डिझायनरच्या जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या खात्याचा असेल तर ग्राहकाला कशाचाच पत्ता लागत नाही.

होस्टिंगच्या बाबतीत बहुतेक डिझायनर ‘रिसेलर’ होतात, म्हणजे मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन ग्राहकांना पोटभाड्याने देतात. दरवर्षी थोडे नियमित उत्पन्न मिळते हे खरे. पण घरमालकाने भाडे वाढवले, की पोटभाडेकरूंना तोंड द्यावे लागते ते मधल्या माणसालाच. २०१९ मध्ये ‘सी-पॅनल’ने सर्व्हरमागे ठरावीक शुल्काऐवजी त्यावरील खात्यांच्या संख्येनुसार आकारणी सुरू केली, तेव्हा अनेक होस्टिंग कंपन्यांना आपले दर वाढवावे लागले. वर्षभराचे पैसे आधीच घेऊन बसलेल्या रिसेलरची त्यात कोंडी होते.

बॅकअपचा मुद्दा याहून गंभीर. ‘कंपनी बॅकअप घेतेच’ हा विश्वास किती तकलादू असू शकतो, हे १० मार्च २०२१ रोजी दिसले. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत भस्मसात झाली. काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच परिसरात होत्या. त्याही गेल्या. एक प्रत निराळ्या कंपनीकडे आणि एक स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. मात्र ती प्रत अधूनमधून उघडून पाहिली पाहिजे. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

सर्वांत जास्त रोष ओढवतो तो ई-मेलवरून. सर्व्हर बदलताना डिझायनर संकेतस्थळ व्यवस्थित हलवतो, नेमसर्व्हर बदलतो आणि निश्चिंत होतो. पण टपाल कुठे पोहोचवायचे हे सांगणारी ‘एमएक्स’ नोंद नव्या ठिकाणी उतरवायची राहून जाते. संकेतस्थळ दोन दिवस बंद राहिले तर छोट्या व्यापाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. ऑर्डरचा ई-मेल आला नाही, तर दुपारपर्यंत फोन येतो.

यावर तोडगा फार मोठा नाही. डोमेन ग्राहकाच्या नावाने व ई-मेलने नोंदवावे आणि डिझायनरने त्याची केवळ तांत्रिक देखभाल करावी. होस्टिंगचे खाते शक्यतो ग्राहकाचेच असावे. ते डिझायनरकडे असेल तर देखभालीचे शुल्क निर्मितीच्या बिलातून वेगळे दाखवावे आणि त्यात काय येते, काय येत नाही, रात्री फोन केला तर उत्तर मिळेल की नाही, हे कागदावर असावे. संबंध संपले, तर किती दिवसांत फायली, डेटाबेस आणि डोमेन हलवण्यासाठी लागणारा संकेतांक हाती द्यायचा, हेही त्याच कागदावर. बिल थकले म्हणून डोमेन अडवून ठेवण्याचा मोह काहींना होतो. थकबाकी वसुलीचे ते साधन नव्हे. त्यासाठी पैसे आगाऊ घेण्याची पद्धत आहे.

ग्राहकानेही एवढे करावे: ‘हू इज’ या नोंदवहीत आता बहुतेक वेळा नावे झाकलेली असल्याने डिझायनरला सरळ विचारावे, ‘डोमेनच्या खात्यात नाव आणि ई-मेल कुणाचा आहे? जरा उघडून दाखवता का?’ हा प्रश्न विचारायचा तो संबंध गोडीचे असतानाच.