आपला मेंदू : कोणता भाग काय करतो?

मित्रांनो, फळ्यावरचे आकडे डोळे बघतात, हात वहीत लिहितो; पण गणित सोडवतो कोण? आपला मेंदू! मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या मानाने तो अवघा २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. हा प्राणवायू त्याला रक्तातून मिळतो. मेंदूचे मुख्य भाग तीन आहेत.

१) मोठा मेंदू : याला अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या असतात. विचार करणे, आठवण ठेवणे, बोलणे, हात-पाय हलवणे ही कामे याची. प्रत्येक कामाची जागा ठरलेली असते. बघण्याची जागा तर डोक्याच्या पार मागच्या बाजूला आहे, बरं का! पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांच्याकडे एक रोगी होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे कळायचे, पण स्वतःला फक्त 'तां' एवढेच बोलता यायचे. १८६१ साली तो वारल्यावर डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला होता. बहुतेक माणसांची बोलण्याची जागा डावीकडेच असते.

२) लहान मेंदू : हा मोठ्या मेंदूच्या खाली, मागच्या बाजूला असतो. तो शरीराचा तोल सांभाळतो. सायकल चालवताना, बांधावरून चालताना, डोक्यावर हंडा नेताना हाच उपयोगी पडतो. दारूचा परिणाम याच्यावर होतो, म्हणून दारुड्या झोकांड्या खातो.

३) लंबमज्जा : ही मेंदूच्या तळाशी असते. श्वास घेणे, गिळणे, खोकणे, हृदयाच्या ठोक्यांचा वेग यांवर हिचे लक्ष असते. आपण गाढ झोपलो तरी ही जागीच! मोठ्या मेंदूकडून हात-पायांना हुकूम नेणारे बहुतेक मज्जातंतू इथेच बाजू बदलतात. म्हणून डावा मेंदू उजवा हात हलवतो आणि उजवा मेंदू डावा हात.

आता लकवा का होतो ते समजेल. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, की त्या भागाचे रक्त बंद पडते. डावीकडे बिघाड झाला तर उजवा हात-पाय लुळा पडतो, कधी वाचाही जाते. लोक म्हणतात, "अंगावरून वारं गेलं," आणि अंगारा लावत किंवा तेल चोळत बसतात. पण हा आजार वाऱ्याचा नाही, मेंदूचा आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढावा लागतो.

म्हणून घरात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर वेळ किती वाजता ते लक्षात ठेवा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, ठसका लागतो. लगेच १०८ नंबरला फोन करा. आजी-आजोबांना घरी गेल्यावर हे जरूर वाचून दाखवा!