काल दिसत होते, आज का दिसत नाही?
मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरमधील बिघाड आणि आपली नोंद

दिंद्रुडसारख्या गावातील निवासी शाळेच्या संगणक कक्षात नवी कोरी यंत्रे क्वचितच येतात. कुणा कार्यालयाने वापरून बाजूला ठेवलेले, कुणा हितचिंतकाने दिलेले असे जुने संगणकच बहुधा आपल्या वाट्याला येतात. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली, की परवान्याचा खर्च वाचतो आणि यंत्राचे आयुष्यही वाढते. परंतु एखाद्या दिवशी प्रणाली अद्ययावत केल्यावर काल व्यवस्थित दिसणारा पडदा आज लुकलुकू लागतो, अक्षरांवर रेघा उमटतात किंवा पडदा काळाच राहतो. ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणून आपण ते कोपऱ्यात ठेवून देतो. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतोच. तो कोठे असतो आणि तो दूर व्हावा म्हणून आपल्याला काय करता येते, हे आमचे माजी विद्यार्थी व पालक यांना या लेखातून सांगावे, असे आम्हांस वाटते.

पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपला आज्ञा देणाऱ्या प्रणालीस ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये त्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात असतो. पडद्याला वीज केव्हा द्यायची, चित्र किती ठिपक्यांचे असावे, हे तो पाहतो. दुसऱ्या भागाचे नाव मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याचे काम सुरू केले. खेळ, नकाशे, त्रिमिती आकृत्या यांसाठी आलेल्या आज्ञा तो चिपला समजतील अशा रूपात बदलून देतो. हे दोन्ही भाग मुक्त आहेत. त्यांची आज्ञावली कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली, तर तिला ‘रिग्रेशन’ म्हणतात. आपण तिला पीछेहाट म्हणू. ती का होते? एकच आज्ञावली अनेक पिढ्यांच्या चिपांना सांभाळत असते. नव्या चिपसाठी केलेली दुरुस्ती सामाईक भागात होते आणि तिचा धक्का जुन्या चिपला बसतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर ते जुने यंत्र नसते. मोठ्या कंपन्यांकडे चाचणीसाठी यंत्रांच्या रांगा असतात, तरीही प्रत्येक चिप, प्रत्येक पडदा यांची जोडी तपासणे कोणालाच शक्य नाही.

२०२२ मधील एक घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या वर्षी सप्टेंबरअखेर लिनक्स कर्नलची ५.१९.१२ ही आवृत्ती आली. ती बसवताच इंटेलची ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपचे पडदे पांढरे लखलखू लागले. वापरणाऱ्यांनी गप्प न बसता यंत्रातील नोंदी विकसकांकडे पाठवल्या. इंटेलचे विकसक विले स्यूर्याला यांनी त्या तपासल्या. पडद्याची वीज चालू-बंद करताना मध्ये जो ठरावीक अवकाश ठेवावा लागतो, त्याचे आकडेच चुकीचे ठरत होते आणि त्यामुळे पडद्याला इजा होण्याचा संभव होता. ती आवृत्ती अशा लॅपटॉपवर वापरू नये, असा इशारा त्यांनी दिला. ४ ऑक्टोबर रोजी ५.१९.१३ ही आवृत्ती आली व ते बदल मागे घेण्यात आले. आठवडाभरात हे घडले, कारण ज्यांना त्रास झाला त्यांनी तो पुराव्यासह सांगितला. ज्यांनी ती सदोष आवृत्ती अजून बसवली नव्हती, त्यांचे पडदेही त्यामुळे वाचले.

येथे लिनक्सचा एक जुना दंडक आठवतो. वापरणाऱ्याचे चालते काम नव्या आवृत्तीने मोडता कामा नये, असा लिनस टोरवाल्ड्स यांचा कटाक्ष आहे. बदल कितीही चांगला असो, त्याने जुने मोडले तर तो दुरुस्त करावा किंवा मागे घ्यावा. परंतु काय मोडले, हे कोणी सांगितले तरच हा दंडक उपयोगी पडतो.

दोष नेमका कोणत्या बदलाने आला, हे शोधण्याची रीत शेतकऱ्याला नवी नाही. विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन गेली आहे आणि टोकाला पाणी येत नाही. आपण प्रत्येक जोड उकरत बसत नाही. मधला जोड उघडून पाहतो. तेथवर पाणी पूर्ण जोराने आले, तर गळती पुढच्या अर्ध्या भागात. नाही तर मागच्या. पुन्हा त्या अर्ध्याचा अर्धा. विकसक यालाच ‘बायसेक्ट’ म्हणतात. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये हजार बदल असले, तरी सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. कर्नलच्या एका मोठ्या आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. तेथेही चौदा-पंधरा चाचण्या पुरतात.

आपल्या विद्यार्थ्याने एवढे करावेच, असे नाही. पहिली परीक्षा फार सोपी आहे. उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रणाली नवा कर्नल बसवताना जुनाही राखून ठेवतात. यंत्र सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडावा. पडदा पूर्ववत झाला, तर दोष नव्या कर्नलमध्ये असण्याचा दाट संभव आहे. दुसरी परीक्षा अशी : बिघडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि मोबाइलनेही फोटो काढावा. दोष स्क्रीनशॉटमध्येही दिसत असेल, तर चित्र रेखाटतानाच चूक होत आहे. तो केवळ फोटोत दिसत असेल, तर चित्र पडद्यापर्यंत पोहोचवणाऱ्या भागात किंवा पडद्यातच खोट आहे.

मग नोंद लिहावी. चिपचे नाव, कर्नलचा व मेसाचा आवृत्ती-क्रमांक, काय केल्यावर दोष दिसतो त्या पायऱ्या, शेवटची चांगली आवृत्ती व पहिली बिघडलेली आवृत्ती, कर्नलचा लॉग आणि तो फोटो, एवढे द्यावे. हाच दोष आधी कोणी नोंदवला आहे का, हे पाहावे. एका नोंदीत एकच दोष मांडावा. साधे, लहान वाक्यांचे इंग्रजी पुरते. ‘काहीच चालत नाही’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘अमुक आवृत्तीपर्यंत चालत होते’ हे वाक्य मोलाचे आहे. विकसकाने पुढे काही विचारले तर उत्तर द्यावे, दुरुस्ती पाठवली तर ती तपासून कळवावे. अशा दुरुस्तीच्या नोंदीत दोष कळवणाऱ्याचे नावही लिहिण्याची कर्नलमध्ये प्रथा आहे. तेथे पदवी वा गाव विचारले जात नाही.

जुनी यंत्रे वापरणाऱ्यांनी तर बोललेच पाहिजे. २०२२ च्या मेसा २२.० या आवृत्तीतून जुन्या धाटणीचे अनेक ड्रायव्हर वगळण्यात आले व ‘अंबर’ या वेगळ्या शाखेत ठेवण्यात आले. दुसरीकडे, इंटेलच्या काही जुन्या चिपांसाठी २०२१ मध्ये ‘क्रोकस’ हा नवा ड्रायव्हर मेसात दाखल झाला. कोणते यंत्र अजून वापरात आहे, हे विकसकांना आपल्या नोंदींतूनच कळते. आपण गप्प राहिलो, तर ते यंत्र कोणाकडे उरलेच नाही, असा समज होणे साहजिक आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आईवडील ऊसतोडीसाठी दूर जातात आणि मुले वसतिगृहात राहून शिकतात. या मुलांच्या हाती येणारा जुना संगणक चालू राहणे ही आमच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. पुण्या-मुंबईत संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, सुटीत गावी आल्यावर त्यांनी एक दिवस संगणक कक्षात द्यावा आणि मुलांना एक नोंद बरोबर बसून लिहायला शिकवावी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. सुरुवात तेथून करता येईल. जे बिघडले ते नीट पाहावे, घडले तसे सांगावे आणि दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा, ही सवय मुलांना संगणकाबाहेरही उपयोगी पडेल, असा आमचा विश्वास आहे.